तिन्ही पाळ्या आणि एकच पोट: जेवायचं नेमकं कधी?

चाकणकर

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते १२, थर्ड १२ ते ७. दर आठवड्याला पाळी बदलते.

थर्डचा आठवडा लागला की मंगळवार-बुधवारपासून पोटाचं तंत्र बिघडतं. रात्री अडीच-तीनला छातीत जळजळ, करपट ढेकर. सकाळी पोट साफ होत नाही, दिवसभर तड लागल्यासारखं वाटतं. जरा रुळतोय म्हणेपर्यंत पाळी बदलते. एंडोस्कोपी झाली. 'किंचित सूज आहे, घाबरण्यासारखं काही नाही, वेळेवर जेवत जा' असं सांगून पाठवलं. आता वेळेवर म्हणजे कुठल्या वेळेवर? माझ्या तीन पाळ्यांना जेवणाच्या तीन तऱ्हा आहेत.

थर्डला कॅन्टीनमध्ये रात्री २ वाजता पूर्ण जेवण असतं. चपात्या, वर तवंग आलेली उसळ, भात, आमटी, शुक्रवारी गुलाबजाम. कुपन तसंही कापलं जातं, त्यामुळे सगळेच जेवतात. साडेचारला चहा आणि त्याबरोबर खारी नाहीतर वडा. साडेसातला घरी पोचतो तेव्हा बायकोची ऑफिसला निघायची गडबड, पण पोहे किंवा चपाती-भाजी झाकून ठेवलेली असते. ती खाऊन पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं.

काढे, आसवं, चूर्णं घरात भरपूर आहेत. पाळ्या करणाऱ्यांनी जेवणाचं कसं बसवलंय तेवढं सांगा.

तिरकस_तात्या

पहाटे साडेचारला वडा खाल्ल्यावर जळजळ नाही होणार तर काय थंडावा वाटणार? तोच वडा भर दुपारी खाऊन बघा, तेव्हाही जळजळेल. उगाच पाळीच्या नावाने बिल फाडू नका.

उसाचं_पाचट

तात्या, वड्याचं सोडा. माझे वडील साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होते. पाळ्या पहाटे ४ ते १२, १२ ते ८ आणि रात्री ८ ते ४. कॅन्टीनचं ते काही खात नसत, आईचा डबा असायचा: भाकरी, पिठलं नाहीतर एखादी पालेभाजी, कांदा, ताकाची बाटली. बारा महिने तेच अन्न.

तरी दिवाळीच्या आसपास मोळी पडली आणि गळीत सुरू झालं की महिन्याभरात त्यांचं पोट बसायचं. उशाला सोड्याची पुडी. चिडचिड वेगळीच. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ते मेन्टेनन्सला जनरल पाळीत आले, की पंधरा दिवसांत माणूस ताळ्यावर. आम्हा पोरांना वाटायचं उसाच्या मळीच्या वासानं त्यांचं पोट बिघडतं. अन्न तेच, माणूस तोच, बदलायचं फक्त घड्याळ. दरवर्षी.

तिरकस_तात्या

हंगामात तंबाखू किती आणि चहा किती, ते पण सांगा.

उसाचं_पाचट

तंबाखू बारमाही होती. चहा हंगामात वाढायचा, हे मान्य. रात्रपाळीला मंडळी जागं राहायला तळहातावर तंबाखू-चुना मळत बसायची, हेही खरं.

स्टेथोवाला

मी फिजिशियन आहे, औद्योगिक पट्ट्यातच दवाखाना आहे, त्यामुळे थर्ड शिफ्टचं पोट रोज बघतो. पाचटताईंनी वडिलांचं जे लिहिलंय ते पुस्तकात घालण्यासारखं आहे.

मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं, ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांच्या पेशींतही आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणावरून वेळ ठरवतात. (हे पेशीतलं घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.) थर्डला काय होतं, तर सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन पडतं, म्हणजे मेंदू म्हणतो दिवस उजाडला, आणि रात्री दोनला पोटात उसळ-भात जातो, म्हणजे यकृत म्हणतं दुपार झाली. दोघांचं जमत नाही. आणि जमेल असं वाटू लागेपर्यंत रविवार येतो.

चाकणकर, तुमची जळजळ अडीचलाच का, तेही सांगतो. उपाशीपोटीसुद्धा जठरात आम्ल सगळ्यात जास्त सुटतं ते साधारण रात्री १० ते २ च्या दरम्यान. जठर रिकामं व्हायलाही सकाळपेक्षा रात्री जास्त वेळ लागतो. म्हणजे आम्ल भरपूर आणि अन्न पुढे सरकत नाही, अशा वेळी तुम्ही त्यात भरलं ताट ओतता आणि नंतर कमरेत वाकून पार्ट तपासता. मग ते वर येणारच. मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं, त्याची खरी हालचाल आपण उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर सुरू होते. तुम्ही सकाळी घरी येता तेव्हा त्याच्या दृष्टीने तुम्ही अजून उठलेलेच नाही.

साखरेचंही तसंच. रात्री इन्सुलिनचं काम मंदावलेलं असतं, त्यामुळे तेच ताट दुपारी दोनला खाल्लं तर जेवढी साखर वाढते त्याहून रात्री दोनला जास्त वाढते. २०२१ मध्ये अमेरिकेत १९ जणांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. माणसं थोडी आहेत, पण मांडणी चोख. सगळ्यांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाने दिवसा आणि रात्री असं दोन्ही वेळा खाल्लं, दुसऱ्याने फक्त दिवसा. जागरण दोघांनाही सारखंच. साखर बिघडली ती रात्री खाणाऱ्यांची.

म्हणून तात्या, वडा निर्दोष नाही, पण वेळेचा गुन्हा वेगळा नोंदवावा लागतो. मात्र 'पाळीने अल्सर होतो' असं मी सरळ म्हणणार नाही. अल्सरची मोठी कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. पाळीवाले कंबरदुखीसाठी त्या गोळ्या चण्यासारख्या खातात, वर उपाशीपोटी.

चाकणकर, तीन प्रश्न. एंडोस्कोपीत त्या जिवाणूची तपासणी केली होती का? पेनकिलर चालू आहे का? आणि पाळी कुठल्या क्रमाने फिरते?

चाकणकर

डॉक्टर, एवढं सविस्तर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तपासणी केली होती, रिपोर्टमध्ये निगेटिव्ह लिहिलंय. पेनकिलर कधीमधी. पाळी फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड अशी फिरते. ॲसिडिटीची गोळी चालू आहे, ती सकाळी घरी आल्यावर घेतो.

रात्रराणी

मुंबईत स्टाफ नर्स आहे. आयसीयूला. आमच्याकडे दोन-तीन नाईट सलग, मग नाईट ऑफ, मग मॉर्निंग.

नर्सेसचं पोट हा विनोदाचा विषय असतो वॉर्डात. हँडओव्हरला कुणाच्या पोटात गुडगुड झाली की सगळ्या हसतात, कारण प्रत्येकीची तीच गत. नवीन होते तेव्हा सीनियर सिस्टरने सांगितलं होतं, 'रात्री बाराच्या आत जेव, नंतर फक्त तोंड हलव.' तेव्हा तो जुन्या बायकांचा नियम वाटला होता. डॉक्टरांनी वर लिहिलेलं वाचून त्या सिस्टरांना फोन करावासा वाटला.

माझं असं: ड्युटीला निघायच्या आधी घरी नीट जेवण, भाजी-भाकरी-वरण, मात्र भात थोडा. डब्यात काकडी, एक केळं, मूठभर फुटाणे, कधी उकडलेलं अंडं. हे दोन-अडीचला. चहा एकच, आणि तो दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारचा चहा नऊलाही अर्धा शिल्लक. मग झोप लागत नाही आणि आपण म्हणतो गॅसेसमुळे लागत नाही.

सकाळी घरी आल्यावर पूर्ण उपाशी झोपलं तर अकरालाच भुकेने जाग येते. म्हणून वाटीभर मऊभात-तूप किंवा दूध-केळं. खाल्ल्यावर लगेच आडवी होत नाही. अंघोळ, कपडे भिजवणं, आईला फोन, एवढ्यात तासभर जातो. झोपताना डाव्या कुशीवर, त्याने जळजळ कमी होते.

आणि पाणी! बायकांनो, खरं सांगा. बाथरूमला जायला मिळणार नाही म्हणून रात्रभर पाणी न पिणाऱ्या किती जणी आहेत? मग कोठा जड होतो म्हणून त्रिफळा घ्यायचं. आधी पाणी प्या.

हिंजवडी_फेज३

आमची अमेरिकेची शिफ्ट, संध्याकाळी साडेसहा ते साडेतीन. कायमची, फिरती नाही. सोमवार ते शुक्रवार पोट एकदम ठणठणीत. नऊला डबा खातो, सव्वाचारला कॅब सोडते, थेट झोपतो. वाट लागते ती शनिवार-रविवारी. सकाळी आठला उठून बायको-मुलांबरोबर मिसळ, दुपारी जेवण, रात्री मित्रांबरोबर 'बसणं'. सोमवारी परत उलटं. माझा सोमवार दर आठवड्याला टॉयलेटमध्ये जातो.

सुट्टीच्या दिवशी घड्याळ पूर्ण उलटं फिरवू नका एवढंच सुचवतो. मी आता शनिवारी अकराला उठतो. मिसळ सोडलेली नाही, ती बाराला खातो.

स्टेथोवाला

हिंजवडी, मिसळीची वेळ बदललीत, मिसळ नाही. चालेल.

चाकणकर, गोळीबद्दल. पॅन्टोप्रॅझोल जातीच्या गोळ्या आम्लाचे पंप चालू व्हायच्या वेळी रक्तात असाव्या लागतात, आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून मुख्य जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी. घड्याळातल्या सकाळशी तिचा संबंध नाही. तुमच्या थर्डच्या आठवड्यात ती संध्याकाळच्या जेवणाआधी बसते. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून तशी करून घ्या. आणि वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू ठेवायची ती गोळी नव्हे.

पाळीचा क्रम: फर्स्टनंतर थर्ड, मग सेकंड, म्हणजे प्रत्येक वेळी घड्याळ मागे ओढणं. आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. फर्स्ट, सेकंड, थर्ड असा पुढे जाणारा क्रम सोसायला बरा. तुमच्या हातात नसेल, पण युनियन किंवा सेफ्टी कमिटीत हा विषय काढण्यासारखा आहे. एक रुपयाचा खर्च नाही त्यात.

तिरकस_तात्या

बरं, आता माझं ऐका. नोकरीभर प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं, पोट ही एक मशीन धरून लोडिंग चार्ट मांडला. कागदावर तिन्ही पाळ्या आडव्या आखल्या आणि कुठल्या वेळी माणूस जागा असतो, कामावर असला तरी जेवायची सुट्टी मिळू शकते, ते बघितलं.

दुपारचं जेवण कुठेच जुळत नाही. फर्स्टला कॅन्टीनमध्ये साडेअकरा, सेकंडला घरी एक, थर्डला उठल्यावर अडीच-तीन. नाश्त्याची तर बोंबच. पण रात्री ८ ही एकच वेळ अशी आहे की तिन्ही पाळ्यांत जेवता येतं. फर्स्टला घरी. सेकंडला कॅन्टीनची जेवणाची सुट्टी तेव्हाच असते. थर्डला घरी, निघण्याआधी. तीन आठवडे, तीन पाळ्या, आठचं ताट हलत नाही.

म्हणजे 'वेळेवर जेवा' याचा अर्थ तुमच्यापुरता 'आठला जेवा'. बाकी दोन खाणी सरकतात तर सरकू द्या, हा एक खांब पक्का. थर्डला दोनच्या ताटाला हात लावायचा नाही, ते कुपन कंपनीला दान करा. वडा तर नाहीच नाही.

रात्रराणी

तात्या, तुम्ही तर डॉक्टरांच्या पोटावर पाय दिलात. :)

डबेवाली_वहिनी

इतका वेळ गप्प वाचत होते. माझे मिस्टर भोसरीला तीन पाळ्यांत आहेत, आणि आठचं ताट मांडायचं कुणी हा प्रश्न कुणालाच पडलेला दिसत नाही.

थर्डच्या आठवड्यात ते संध्याकाळी सात ते साडेदहा झोपतात. सकाळी आल्यावर लागते ती झोप चार-साडेचार तासांची, खाली भंगारवाला, वर ड्रिल मशीन, बेल वाजवणारे कुरिअर. त्यामुळे निघायच्या आधीची झोप त्यांना लागतेच. आठला उठवून जेवायला घातलं तर झोप मोडते, साडेदहाला जेवले तर बस पकडायची घाई आणि भरल्या पोटी बसचे धक्के. आता सांगा.

शिवाय माझी संकष्टी असते त्या दिवशी तेही धरतात. चंद्रोदयाला नेमके झोपलेले. मग साबुदाण्याची खिचडी डब्यात आणि रात्री दोनला शेंगदाण्याच्या कुटासकट! दुसऱ्या दिवशी घरात कुणी बोलायची सोय नसते.

तिरकस_तात्या

वहिनी, हरकत मान्य. कागदावर झोप आखायची राहिली.

स्टेथोवाला

वहिनींचा प्रश्न खरा आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. झोप अलीकडे घेता आली तर बघा: साडेचार-पाचला पडायचं, साडेसातला उठायचं, आठला जेवायचं. तोपर्यंत मुलं क्लासला, खेळायला वगैरे गेलेली असतात, हाही फायदा. ते जमणारच नसेल तर सातला झोपण्याआधी, साडेपाचच्या सुमारास मुख्य जेवण, आणि उठल्यावर निघताना हलकं काहीतरी, ताक-भात किंवा एखादी भाकरी. जेवण आणि आडवं होणं यांत दोन तास गेले तर उत्तम, दीड गेला तरी चालवून घेऊ. तासांपेक्षा 'मोठं ताट मध्यरात्रीनंतर नाही' हे जास्त महत्त्वाचं.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवून बघा. दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट दाब येतो.

खिचडीच्या जागी वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी. उपास मोडत नाही, तेल कमी. बाकी देव समजून घेईल.

डायबेटिसवाल्यांनी मात्र वरचं काही आपल्या मनाने करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रात्रीचं जेवण गाळलं तर मशीनवर उभ्या उभ्या साखर उतरून चक्कर येते. असे दोन-चार जण दरवर्षी बघतो. पाळीचं वेळापत्रक कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, डोस त्याप्रमाणे बांधून घ्या.

आणि शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्त पडणं, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर धागा बंद करा आणि दवाखाना गाठा. ते पाळीच्या खात्यावर टाकायचं नाही.

रात्रराणी

काळ्या रंगाबद्दल एक पुरवणी: लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी काळी होते. घाबरून रात्री दोनला कॅज्युअल्टीत आलेल्या पाहिल्यात. विचारून खात्री करा, पण गोळ्यांमुळेच असेल असं गृहीतही धरू नका.

उसाचं_पाचट

शौचाच्या वेळेचंही कुणीतरी लिहा ना. वडील पहाटेच्या पाळीला साडेतीनला निघायचे, तेव्हा काही होत नसे, आणि कामावर कळ आली तर साखर शिजवायचा पॅन सोडून जाता येत नसे. दाबून दाबून ती सवयच गेली.

स्टेथोवाला

तेच मुख्य कारण असतं पुष्कळांचं. कळ वारंवार दाबली की ती यायची थांबते. पाळी कुठलीही असो, उठल्यावर कोमट पाणी, थोडं खाणं आणि मग दहा मिनिटं निवांत बसणं. उठणं पहाटे तीनचं असो की दुपारी दोनचं. जेवणाने आतड्याला जो धक्का मिळतो त्याचा फायदा घ्यायचा. मोबाइल बाहेर ठेवून. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्याबरोबर, नुसता फाकला तर उलट घट्ट होतं.

गोठलेला_मावळा

कॅनडातून. गोदामात कायमची रात्रपाळी. इथे कॅन्टीन नाही, मायक्रोवेव्ह आहे, त्यामुळे मोह कमी. एक भर घालतो: सकाळी सुटल्यावर गॉगल घालून घरी येतो. हिवाळ्यात बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते, आणि झोप उडाली की मी फ्रिज उघडतो. माझं पोट फ्रिजमुळे बिघडायचं, पाळीमुळे कमी.

चाकणकर

सगळ्यांचे आभार. थर्डचा आठवडा आत्ताच संपला. आठला घरी जेवलो, दोनला डब्यातलं केळं आणि फुटाणे, चहा दोनच्या आत. जळजळ एकदा झाली, शुक्रवारी. गुलाबजामने घात केला.

पोट सकाळी साफ होत नाही ते नाहीच, पण दुपारी उठल्यावर होतं, म्हणजे डॉक्टर म्हणाले तसंच.

अडचण वेगळीच आली. दोन वाजता सगळे टेबलावर एकत्र बसतात आणि मी केळं सोलतोय, म्हणजे चेष्टेचा विषय. 'डायटिंग का रे' पासून 'वहिनींनी उपाशी ठेवलं का' पर्यंत. पण चेष्टा करणाऱ्यांतले दोघं नंतर हळूच विचारून गेले की तुला फरक पडला का.

म्हणून कॅन्टीन कमिटीत विषय मांडला. थर्डला पूर्ण ताटाला पर्याय म्हणून हलकं काही द्या म्हटलं. एचआरवाले तयार आहेत. कंत्राटदार म्हणतो, 'खिचडी केली तर पोरं म्हणतील आजाऱ्याचं जेवण दिलं, अर्धी फेकावी लागेल.' त्याचंही चूक नाही, मागे एकदा दलिया ठेवला होता तो तसाच परत गेला. पाळीच्या क्रमाबद्दल विचारलं तर 'सॉफ्टवेअरमध्ये तसा सेट आहे' असं उत्तर मिळालं.

कुणाच्या कंपनीत थर्डला हलका मेनू चालतो का? पोरं खातील असा पाहिजे. कमिटीची मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे.

डबेवाली_वहिनी

खिचडी नाव देऊ नका. मुगाची धिरडी ठेवा, तव्यावर कमी तेलात, बरोबर दही आणि पुदिन्याची चटणी. मिस्टरांच्या कंपनीत ती संपतात, उशिरा गेलं तर मिळत नाहीत. डाळ आदल्या संध्याकाळी भिजवायची आठवण तेवढी कंत्राटदाराला करून द्या.

तिरकस_तात्या

आणि सॉफ्टवेअरमध्ये क्रम बदलायला पाच मिनिटं लागतात. कोण म्हणालं नाही होत, त्याला या धाग्याची लिंक पाठवा.